खोक्यावर १२००, हाती ९४

डिसेंबर २०२४ अखेर भारतात इंटरनेटच्या ९७.०२ कोटी जोडण्या होत्या, अशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची आकडेवारी आहे. त्यांपैकी तारेने घरात किंवा कचेरीत येणाऱ्या जोडण्या ४.१२ कोटी, म्हणजे शंभरात चार. वर्षभरापूर्वी, डिसेंबर २०२३ अखेर, हा आकडा ३.८६ कोटी होता. वाढ २६ लाखांची, ६.८ टक्के. याच काळात मोबाइल आणि इतर बिनतारी जोडण्या ८९.७६ कोटींवरून ९२.९० कोटींवर गेल्या. ही वाढ ३.५ टक्के. संख्येने बिनतारी इंटरनेट साडेबावीस पट आहे, पण टक्केवारीत तार दुपटीच्या जवळपास वेगाने वाढते आहे.

२०११च्या जनगणनेत देशात २४.६७ कोटी कुटुंबे मोजली गेली. तारेच्या सगळ्या जोडण्या घरगुती धरल्या, तरी सहा कुटुंबांमागे एक जोडणी पडते. त्यानंतर कुटुंबे वाढली आणि या जोडण्यांत दुकाने-कचेऱ्याही आहेत, म्हणजे खरे प्रमाण याहून कमी. दुसरी बाजू अशी की मोबाइलची जोडणी एका माणसाची असते. तारेची जोडणी घरातल्या चौघांची, टीव्हीची आणि आल्यागेल्या पाहुण्याची. तो भार वाटून देणारी पेटी म्हणजे वाय-फाय राउटर. ऑनलाइन बाजारात घरगुती राउटर साधारण १,००० ते ४,००० रुपयांत मिळतात. या ३,००० रुपयांच्या फरकात नेमके काय विकत मिळते, ते खोक्यावरच्या सर्वात मोठ्या आकड्यावरून कळत नाही.

तो आकडा आधी फोडून पाहू. ‘एसी१२००’ हे या किमतीतले सर्वात परिचित नाव. यातले १२०० म्हणजे सेकंदाला १,२०० मेगाबिट, म्हणजे १,२०० एमबीपीएस, असा समज होतो. प्रत्यक्षात ही बेरीज आहे: ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ८६७ आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ३००, मिळून १,१६७, आणि तेही वर ढकलून १,२००. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर बोलतो. म्हणजे त्याच्या वाट्याला ८६७ किंवा ३०० येतात, बेरीज येत नाही. ‘एसी७५०’ ही ४३३ आणि ३०० यांची बेरीज आहे. ‘एन३००’मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्टाच नाही, सगळे ३०० एकट्या २.४चे.

हे ८६७ तरी पूर्ण मिळतात का? हा राउटर आणि फोन यांच्यात ठरलेला जास्तीत जास्त वेग आहे, आणि तो गाठायला फोनलाही दोन अँटेना लागतात. स्वस्त फोनात बहुधा एकच असतो. त्याची कमाल मर्यादा ४३३. शिवाय वाय-फायवर एका वेळी एकच यंत्र बोलते, बाकीची थांबतात. पाठवणे आणि घेणेही आळीपाळीने चालते. त्यामुळे ठरलेल्या वेगाच्या साधारण निम्मा भाग कामी येतो. राउटरच्याच खोलीत बसून चांगल्या फोनवर ४०० ते ५००, साध्या फोनवर २००. भारतातल्या बहुतेक घरगुती योजनांना तेवढे पुरून उरते. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे.

राउटर उलटा करून त्याची मागची बाजू पाहा. तिथे चार-पाच खाचा असतात. त्यांतल्या एकीत, जिला वॅन पोर्ट म्हणतात, बाहेरून आलेली तार बसते. १,३०० ते १,८०० रुपयांच्या अनेक एसी१२०० राउटरांत हा पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो. टीपी-लिंकचा आर्चर सी५० याच गटातला. त्याच कंपनीचा आर्चर सी६ हाही एसी१२००च, पण त्याचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसचे. दोघांवरचा मोठा आकडा एकच, दाराची रुंदी दहापट वेगळी. आत हवेत ८६७ खेळवण्याची सोय असलेल्या पेटीत बाहेरून १०० च्या वर काही येऊच शकत नाही.

हे १००ही पूर्ण नसतात. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्याला आजूबाजूची पत्त्याची आणि तपासणीची माहिती धरून १,५३८ बाइट जागा लागते, त्यात तुमच्या कामाचे १,४६० असतात. भागाकार ९४.९ टक्के. म्हणून १०० च्या पोर्टवर वेग मोजला की आकडा ९४-९५ वर येऊन थांबतो. तुमची योजना १५० किंवा २०० एमबीपीएसची असेल आणि मोजणी दर वेळी ९४ च्या आसपासच थबकत असेल, तर कुठेतरी १०० चा अडसर आहे हे नक्की.

तो अडसर दर वेळी राउटरमध्येच असतो असे नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी १५० ची योजना घेतली. राउटर गिगाबिटचा होता, तरी आकडा ९४ च. दोन दिवस मी राउटरच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो. शेवटी तारेच्या टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरला. त्यात सोन्याच्या रंगाच्या आठ पट्ट्या होत्या, पण तारा चारच पोहोचल्या होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच कापलेली. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत साधी लॅनची तार, अशी जोडणी आपल्याकडे खूप घरांत आहे आणि तिथे ही चार तारांची सवय अजून दिसते. केबलवाल्याच्या मुलाने नवा प्लग दाबून बसवला. काम पाच मिनिटांचे. नवा राउटर घेण्याआधी हा प्लग पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्याला पैसे पडत नाहीत.

आता गरज किती, ते मोजू. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२० रेषांच्या चित्राला ३ एमबीपीएस, १०८० रेषांना ५ आणि फोर-के चित्राला १५ लागतात. व्हिडिओ कॉलला साधारण २.६ धरू. संध्याकाळी आठ वाजता एका घरात टीव्हीवर फोर-के चित्रपट, दोन मोबाइलवर १०८० चे व्हिडिओ, एक ऑफिसचा कॉल आणि एक क्लास चालू आहे. बेरीज: १५ अधिक ५ अधिक ५ अधिक २.६ अधिक २.६, म्हणजे ३०.२. भरलेल्या घराची गरज ३० च्या आसपास. २०२० साली जिओफायबरने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसची योजना आणली, ती याच बेरजेवर येऊन बसते. सरकारी व्याख्या मात्र याच्या बरीच मागे आहे. २००४ मध्ये २५६ केबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड ठरे, २०१३ पासून ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. आजच्या व्याख्येत एक व्हिडिओ कॉलही नीट बसत नाही.

याचा अर्थ ३०, ४० किंवा १०० ची योजना असणाऱ्याला १०० चा पोर्ट जवळजवळ अडवत नाही. दुकानात गिगाबिटचा आग्रह झाला तरी अशा घराला आज त्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. प्रश्न राउटर किती वर्षे वापरणार हा आहे. पाच वर्षे धरली, तर १,५०० च्या राउटरचा महिन्याचा खर्च २५ रुपये आणि २,४०० च्या गिगाबिट राउटरचा ४० रुपये. फरक १५ रुपयांचा. समोर योजनेचा खर्च ठेवा: ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४७१, पाच वर्षांत सुमारे २८,२५०. गिगाबिट राउटर या रकमेच्या साडेआठ टक्के. पाच वर्षांत योजना १०० च्या वर नेण्याची थोडीही शक्यता असेल, तर महिन्याचे हे १५ रुपये वाचवू नयेत.

इथपर्यंतचा हिशेब तारेचा. घराघरांतली तक्रार बहुधा हवेची असते: हॉलमध्ये चालते, बेडरूममध्ये चालत नाही. त्यासाठी दोन पट्टे समजून घ्यायला हवेत.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ मध्ये परवान्याविना खुला झाला. त्याची रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात १३ चॅनेल आहेत, पण एका चॅनेलला २० मेगाहर्ट्झ जागा लागते आणि दोन चॅनेलांत अंतर फक्त ५ चे. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट असलेली इमारत घ्या. तुमच्या मजल्यावर आणखी तीन, वर चार, खाली चार, तुमचे धरून बारा घरे. बाराही घरांत राउटर असेल तर प्रत्येक चॅनेलवर चार घरे. २० मेगाहर्ट्झ रुंदीवर दोन अँटेनांच्या राउटरचा वेग १४४. कामाचा निम्मा, ७२. चौघांत वाटला तर प्रत्येकी १८. सगळे एकाच वेळी बसले तर वरच्या हिशेबातल्या ३० ची गरज इथे भागत नाही, योजना ३०० ची असली तरीही.

एन३०० वरच्या ३०० चा उलगडाही इथेच होतो. ३०० मिळवायला राउटरला ४० मेगाहर्ट्झ रुंदी लागते, म्हणजे सगळ्यांच्या मिळून असलेल्या पट्ट्याचा जवळपास अर्धा भाग. शेजारी राउटर दिसले की नियमाप्रमाणे वागणारा राउटर ४० सोडून २० वर येतो आणि ३०० चे १४४ होतात. शहरातल्या इमारतीत एन३०० चे ३०० बहुतेक वेळा छापण्यापुरतेच राहतात.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या भागातले ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुले झाले, म्हणजे २.४ च्या सव्वासातपट. मात्र या जागेची किंमत अंतरात मोजावी लागते. सारख्याच अँटेनांनी, सारख्याच अंतरावर, मोकळ्या जागेतसुद्धा ५.५ गिगाहर्ट्झची मिळणारी शक्ती २.४ च्या सुमारे एक पंचमांश असते. भिंती तिला आणखी खातात. विटेची भिंत साधारण ५ ते १० डेसिबल घेते, काँक्रीटची १० ते २०. डेसिबलचे गणित गुणाकाराचे आहे: १० डेसिबल गेले की दहावा भाग उरतो, २० गेले की शंभरावा, ३० गेले की हजारावा. १५-१५ डेसिबलच्या काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडून बेडरूमपर्यंत हजारातला एक भाग पोहोचतो. जास्त अँटेनांचा राउटर आणून ही तूट भरत नाही.

अँटेनांची संख्या हीसुद्धा एक फसगतच आहे. एसी१२०० वर चार काड्या दिसल्या की पोच दुप्पट असेल असे वाटते. बहुतेकांत त्यांतल्या दोन २.४ साठी आणि दोन ५ साठी असतात. ८६७ हा आकडाच सांगतो की ५ गिगाहर्ट्झमध्ये दोन प्रवाह आहेत, कारण एका प्रवाहाचे ४३३. काड्या मोजू नका. बेरजेतल्या ५ गिगाहर्ट्झच्या आकड्याला ४३३ ने भागा.

पोच वाढवण्याचा पहिला उपाय फुकटचा आहे: राउटरची जागा. फायबर किंवा लॅनची तार मुख्य दाराच्या चौकटीशेजारून आत येते, तंत्रज्ञ तिथेच खिळा मारतो, आणि राउटर चपलांच्या स्टँडच्या वर किंवा टीव्हीच्या शोकेसमध्ये, लोखंडी कपाटाला टेकून बसतो. घराच्या एका टोकाला. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही शक्ती चौथाई होते. राउटर मधोमध आणला तर सर्वात लांबच्या खोलीचे अंतर जवळपास निम्मे होते. त्यासाठी लागते ती दहा-पंधरा मीटर लॅनची तार. कॅट ५ई प्रकारची तार १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, तेव्हा घरातल्या घरात लांबी वाढल्याने वेग घटत नाही. फक्त आठही तारा जोडून घ्याव्यात.

मधोमध आणूनही आतली खोली कोरडी राहिली, तर रिपीटर विकत घेण्याचा सल्ला मिळतो. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे सांगणाऱ्या रिपीटरला प्रत्येक पुडके दोनदा हवेत सोडावे लागते, आणि वेग निम्मा होतो. शिवाय तो कोरड्या खोलीतच लावला तर त्याच्यापर्यंत पोहोचणारा सिग्नलच कोरडा असतो. घरात जुना राउटर पडून असेल, तर त्याला आतल्या खोलीपर्यंत लॅनची तार नेऊन जोडा आणि त्याचे अ‍ॅक्सेस पॉइंट हे सेटिंग चालू करा. वेग तारेचा मिळतो आणि खर्च तारेपुरता राहतो.

राउटर खरेच लागणार आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, पण त्याचे उत्तर वरचे आकडे कळल्यावरच देता येते. फायबर घेतले की कंपनी ओएनटी नावाची पेटी बसवते. तिला लोक मोडेम म्हणतात. बहुतेक ओएनटींमध्ये वाय-फाय असतेच. तुमच्या पेटीत ५ गिगाहर्ट्झ आहे का, एवढे पाहा. फोनवर नावाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेले दुसरे वाय-फाय दिसते. (या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. इथे जी म्हणजे गिगाहर्ट्झ, तिथे पिढी.) ते दिसत असेल, पोर्ट गिगाबिट असतील आणि घर दोन खोल्यांचे असेल, तर नव्या राउटरवरचा खर्च वाया आहे. ओएनटीत फक्त २.४ असेल तर मात्र दोन पट्ट्यांचा राउटर जोडल्याने इमारतीत खरा फरक पडतो. जोडताना ओएनटीचे वाय-फाय बंद करून घ्या. एकाच घरातल्या दोन पेट्यांनी त्याच तीन चॅनेलांवर भांडायचे कारण नाही. २०२३ पासून मुंबई-पुण्यात आलेल्या एअरफायबरसारख्या सेवांतही, ज्यांत सिग्नल ५जी मोबाइल मनोऱ्यावरून छतावरच्या अँटेनात येतो, घरातली वाय-फायची पेटी कंपनीच देते.

राउटर बदलूनही सुटत नाही असा एक अडसर लक्षात ठेवावा. जीपॉन या रूढ फायबर पद्धतीत एका धाग्यावर २,४८८ एमबीपीएस येतात आणि तो धागा अनेकदा ३२ घरांत विभागलेला असतो. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला तर प्रत्येकी ७७.७५. असे क्वचित घडते, पण रात्री नऊला वेग पडत असेल आणि सकाळी सहाला राउटरशेजारी पूर्ण मिळत असेल, तर दोष तुमच्या पेटीत शोधू नका.

आता ३,००० च्या पुढचा गट: वाय-फाय ६, ज्यांच्या नावात ‘एएक्स’ असते. इथे आकड्यांची विसंगती अधिक बारीक आहे. एएक्स१५०० म्हणजे १,२०१ अधिक ३००. एएक्स१८०० म्हणजे १,२०१ अधिक ५७४. ५ गिगाहर्ट्झची बाजू दोघांची सारखीच. फरक आहे तो सगळा २.४ मध्ये, आणि त्यातले ३०० हे ओळखीचे आहेत: ते २००९ च्या वाय-फाय ४ या प्रमाणाचे. म्हणजे एएक्स१५०० राउटर ५ गिगाहर्ट्झमध्ये वाय-फाय ६ आहे आणि २.४ मध्ये पंधराहून अधिक वर्षे जुना. भिंतीपलीकडच्या खोलीत जिथे फोन २.४ वर उतरतो, तिथे त्याच्यात आणि एन३०० मध्ये प्रमाणाचा फरक नाही. वाय-फाय ६ साठी पैसे मोजायचेच असतील तर एएक्स१८०० पासून मोजावेत. एएक्स३००० मधले वाढीव आकडे (२,४०२ अधिक ५७४) १६० मेगाहर्ट्झ रुंदीवर उभे आहेत. ५ गिगाहर्ट्झमध्ये भारतात अशी पूर्ण रुंदी दोनच ठिकाणी सापडते आणि दोन्हींत राउटरला रडारसाठी जागा सोडावी लागते. शेजाऱ्यांनी भरलेल्या इमारतीत २,४०२ ची अपेक्षा ठेवू नये. आणि तुमचे फोन-लॅपटॉप वाय-फाय ५ चे, म्हणजे ‘एसी’ पिढीचे असतील, तर १,२०१ काय किंवा २,४०२ काय, बोलणे ८६७ किंवा ४३३ वरच होते. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ६ गिगाहर्ट्झमधले ५०० मेगाहर्ट्झ खुले करण्याचा मसुदा काढला. पण ते वापरणारे राउटर या लेखाच्या किमतीत बसत नाहीत.

सुरक्षेबाबत दोनच आकडे सांगतो, कारण तेवढ्यावर पुष्कळ भागते. पासवर्ड न टाकता यंत्र जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीएस या सोयीत आठ अंकी पिन असतो. आठ अंकांचे १० कोटी पर्याय. शेवटचा अंक पडताळणीचा, म्हणून १ कोटी. आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो, म्हणून उरतात १०,००० अधिक १,००० म्हणजे ११,०००. ही त्रुटी डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तर सगळे पर्याय सहा तास सात मिनिटांत संपतात. नव्या राउटरात प्रयत्नांवर मर्यादा असते, तरी पिनची सोय बंदच करून ठेवावी. दुसरा आकडा पासवर्डचा. घरोघरी मोबाइल नंबर हाच पासवर्ड असतो. दहा अंक, पहिला ६ ते ९ पैकी, पर्याय ४०० कोटी. आणि तो नंबर शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि सोसायटीच्या वहीला ठाऊक. दहा लहान इंग्रजी अक्षरे वाटेल तशी घेतली तर पर्याय सुमारे १ कोटी ४१ लाख कोटी, म्हणजे पस्तीस हजार पट. लांबी तेवढीच. घेताना राउटरात डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत आहे का तेही पाहा.

विजेचा हिशेब किमतीच्या चिठ्ठीवर नसतो. राउटर सरासरी ६ वॅट घेतो असे धरू. वर्षभर अखंड चालला तर ५२.५६ युनिट, ८ रुपये दराने ४२० रुपये, पाच वर्षांत २,१००. जवळपास दुसऱ्या राउटरची किंमत. वीज जाणाऱ्या गावांत सोबत छोटा यूपीएस घेतला जातो आणि त्याच्यावर ८,८०० एमएएच लिहिलेले असते. हा आकडा १२ व्होल्टचा समजला तर १०५.६ वॅट-तास होतात. आतले सेल मात्र ३.७ व्होल्टचे, म्हणून खरी साठवण ३२.६ वॅट-तास. रूपांतरात वीस टक्के गेले तर २६. राउटर आणि ओएनटी मिळून १२ वॅट घेत असतील, तर साथ दोन तासांची. चार तासांचे भारनियमन असलेल्या गावात हा यूपीएस निम्म्यावर बंद पडतो. विकत घेताना वॅट-तास विचारा.

एन३०० ला मी वर नावे ठेवली, ती शहरासाठी. कोकणातल्या वाडीत, आगरात एकट्या उभ्या घराला शेजारचा राउटर पोहोचत नाही. तिथे तिन्ही चॅनेल मोकळे असतात, जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ पेक्षा २.४ अधिक टिकतो, आणि योजना ३० ची असेल तर हजार रुपयांचा एन३०० पुरतो. इमारतीत राहणाऱ्याने मात्र दोन पट्ट्यांखाली उतरू नये. योजना १०० पर्यंतची आणि तिथेच राहणार असेल, तर १,५०० चा एसी१२०० घ्यावा. १०० च्या वर असेल किंवा जाणार असेल, तर गिगाबिट पोर्टचा एसी१२००, साधारण २,००० ते २,५०० रुपयांत. घरातले निम्म्याहून अधिक फोन-लॅपटॉप वाय-फाय ६ चे असतील तरच एएक्स१८००. ४,००० च्या वर जाण्याइतकी गरज बहुतेक घरांत नसते. ती रक्कम मधल्या खोलीत तार ओढून घेण्यावर घालावी.

खरेदीच्या दिवशी दुकानदाराला खोके फिरवून मागची बाजू दाखवायला सांगा. पोर्टसमोर ‘१०/१००’ छापले असेल तर हाती ९४ येणार, ‘१०/१००/१०००’ असेल तर तुमच्या योजनेइतके. पुढच्या बाजूवरचा मोठा आकडा काहीही असो, पैसे या ओळीवरून द्या.